मागून ठोकळा कोण धरणार?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

बेंगळुरूच्या हत्यारवाल्याला आज परत फोन. माणूस गोड बोलतो, म्हणजे महाग विकतो. मी विचारलं, विमानाच्या पत्र्याला रिव्हेट मारायला हवेची गन छोटी घेऊ की मोठी? तो म्हणतो, "आधी सांगा, एकटे आहात की दोघं?" जणू मी लॉजवर खोली मागतोय!

मग त्याने समजावलं. पॉप रिव्हेट एकाच बाजूने बसतो, एकट्याचं काम. भरीव रिव्हेटला मात्र एकाने पुढून मोठी गन चालवायची आणि दुसऱ्याने पत्र्यामागे पोलादी ठोकळा दाबून धरायचा. रिव्हेटचं शेपूट मधल्यामध्ये चपटं होतं. नकाशात भरीवच दाखवलेत. पॉपही चालतील म्हणे, पण विमान दिसेल पत्र्याच्या ट्रंकेसारखं.

सायकलींची पंक्चरं काढत होड्यांच्या इंजिनांपर्यंत आलो, ते एकट्याने. तोंडवलीच्या खाडीत कुणाची होडी येतेय ते मी घरात बसून आवाजावरून सांगतो. आणि आता या वयात जोडीदार शोधू?

विमान दोन खुर्च्यांचं. सुट्या भागांची खोकी उतरली त्याच दिवशी आमच्या बायकोने, शुभदाने जाहीर केलं — "मी त्येच्यात पाय ठेवचंय नाय." बरं! दुसऱ्या खुर्चीच्या जागी पेट्रोलची जादा टाकी बसवणार. टाकी निदान टोमणे मारत नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

गोव्यातल्या एका बसबॉडीवाल्याकडून गन उसनी आणली. सरावाला पत्र्याचे तुकडे. ठोकळा धरायला वर्कशॉपातला महादू — इंजिन खोलण्यात बाप माणूस, माझ्याबरोबर केस पांढरे केलेला. पण ठोकळा असा धरतो, जशी नांग्या उघडलेली जिवंत कुर्लीच हातात दिलीय! गन वाजली की हात मागे. पत्र्यावर चंद्रकोरीसारखा पोचा.

रिव्हेट बसत आला की आवाज बदलतो. आधी पातळ, डबा बडवल्यासारखा. मग घट्ट, भरलेल्या माठासारखा. तिथेच थांबायचं. महादूच्या हातात शेवटपर्यंत डबाच वाजला. वर मलाच म्हणतो, "दादानू, ह्या मशीन माका शिव्या घालता."

रविवार, ९ नोव्हेंबर

शुभदा माहेरी धामापूरला जाऊन आली. मला वाटलं, देवीची ओटी भरायला गेली असेल. बाईसाहेबांनी माझ्या विमानावर कौल लावला! गुरवाने मूर्तीला कळ्या चिकटवल्या, हिने प्रश्न घातला. उजवी पडली तर हो, डावी तर नाही. घरात आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "डावो दिल्यान." बस. कोयती घेऊन फणस फोडावा तसे दोन शब्द — आणि गेली भाजी चिरायला.

मी मागून म्हटलं, देवीने नकाशा बघितला काय? परवानगीचे कागद दिल्लीला, कौल धामापूरला, माणसाने देव तरी किती सांभाळायचे? ती हसली नाही.

बोललो खरा. पण वर्कशॉप टाकलं ते कौल घेऊन. विहीर खणली ती कौल घेऊन. पाणी लागलं तेव्हा देवी हुशार, आणि आता अडाणी कशी म्हणू?

सोमवार, १० नोव्हेंबर

शेड उघडली नाही. बांगडे बेचव.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सकाळी ठरवलं — पॉप! एकट्याने पत्रा जोडायचा, नुसता उभा करून ठेवायचा. उडायचं नाही तर नाही. पोरं फोटो काढतील, कोंबड्या सावलीला बसतील.

गन परत द्यायची म्हणून पुसत होतो. शुभदा चहा घेऊन आली. महादूने बिघडवलेला तुकडा उचलला, रिव्हेटच्या शेपटावरून बोट फिरवलं. "ह्यो तिरपो गेलो." गेलाच होता! म्हटलं, बोलणं सोपं आहे, धरून बघ.

कप खाली ठेवला, पदर खोचला, ठोकळा घेतला. विमानाच्या शेपटीच्या सांगाड्यात माझं मनगट अडकतं, तिथे तिचा हात कोपरापर्यंत गेला. आतून आवाज, "मारा."

मारला. डबा... डबा... माठ. मी बोट काढलं आणि त्याच क्षणी आतून "थांबा" आलं. माझ्या कानाला कळलं ते तिच्या तळहाताला कळलं! पाटा-वरवंट्यावर खोबऱ्याचं वाटप काढणारा हात, कुठे किती दाब द्यायचा ते त्याला शिकवायला नको.

चहा निवून त्यावर साय धरली. एक अख्खी ओळ झाली, एकही पोचा नाही. एकदा मात्र मी घाई केली तर केवढी ओरडली! "होडयेचा इंजिन नाय ह्या! वरसून पडल्यार पोवाक येवचा नाय!"

कौलाबद्दल ती बोलली नाही. मीही विषय काढला नाही. चालतं इंजिन उगाच कोण खोलतो?

शनिवार, १५ नोव्हेंबर

बेंगळुरूला फोन. "मोठी गन पाठवा. दोघं आहोत." त्यालाच जास्त आनंद झाला — मोठी महाग आहे.

पण डोक्यातून जात नाही. कधी नव्हे ती ही बाई देवीच्या कौलाविरुद्ध जातेय. उपास एक चुकला तर आठवडाभर हळहळते ती! माझ्यासाठी पाप घेतेय काय अंगावर?

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज राहवलं नाही. विचारलंच — देवीने नाही म्हटलं, तरी ठोकळा धरतेस?

शेपटीतून हात न काढता म्हणाली, "मी काय इचारलंय, ता तुमका खंय म्हायती?"

काय विचारलंस?

"'हे एकटेच उडतले काय?' इतक्याच."

जादा टाकी रद्द.