हाक आधी कुणाला मारायची

मल्लेश्वरम, बेंगळूर
श्रावणातला दुसरा शुक्रवार, १९६५

राजमान्य राजश्री गुंडोभावजी यांस सत्यवतीवहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद. (घरातले वडील पुरुष म्हणून नमस्कार, आणि मी सून होऊन आले तेव्हा तुम्ही माझ्या पदराला नाक पुसत होतात म्हणून आशीर्वाद. हवं ते ठेवून घ्या.) इकडे सर्व क्षेम. तंजावरच्या दमट हवेत तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. मागच्या पत्रात पानभर गुडघाच होता, पण बरा की वाईट ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आणि नातू सुधींद्र लिहितो. मला अक्षर येत नाही, पण तो काही गाळायला लागला की त्याचे कान लाल होतात, ते मला वाचता येतात.

सुधींद्राच्या लग्नाबद्दल मी या पत्रात अवाक्षर काढणार नाही. तुमचा निरोप पोचला. तुमचा नातू रघुपती थोरला, त्याचं झाल्याशिवाय धाकट्याचं नाही. सरी, तसं तर तसं. रघुपती आसामात कुठल्याशा चहाच्या मळ्यावर आहे आणि लग्नाचं विचारलेल्या एकाही पत्राला उत्तर देत नाही. आमच्या गल्लीतले जयतीर्थराव आपल्या मुलीसाठी, शुभदासाठी, दसऱ्यापर्यंत थांबतील, मग हुबळीच्या मुलाला होकार देतील. हे सगळं तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून तो विषय नाही. (लिही रे. थांबलास का?)

सांगायचं ते यंत्राबद्दल. सुधींद्राच्या कचेरीत आकडेमोड करणारं एक मोठं यंत्र आलं आहे. आपल्या माजघराएवढी खोली त्याने अडवली आहे. आठवणी साठवायला एक फिरता ढोल आहे, थेट विलायतेहून आलेला. भोकं पाडलेली कागदाची फीत वाचणारा एक अवयव आहे, उत्तर छापणारा एक आहे, आणि या सगळ्यांना बेताबेताने वीज सोडणारी एक पेटी आहे, ती इथेच पत्रा ठोकून केलेली. सकाळी कळ दाबली की यंत्राचा मेंदू जागा होतो, पण आपल्याला हातपाय आहेत हे त्याला ठाऊक नसतं (आपल्या घरातल्या पुरुषांसारखंच). म्हणून त्याने एकेका अवयवाला हाक मारायची आणि ‘ओ’ आली की पुढच्याला. या हाकांचा क्रम ठरवून यंत्राला शिकवायचं काम सुधींद्राकडे होतं.

तर या शहाण्याने तो क्रम मानाने लावला. पोर आपल्या घरात वाढलेलं. थोरल्याने आपोष्णी घेतल्याशिवाय आपल्या पंगतीत कुणी भाताला हात लावत नाही, मग भाजी गारढोण का होईना. त्याने पहिला मान विलायती ढोलाला दिला, मग छापणाऱ्याला, मग फीत वाचणाऱ्याला, आणि पत्र्याची पेटी अगदी शेवटी, आपल्याकडे पाणी वाढणाऱ्याला बसवतात तशी.

उद्घाटनाला दिल्लीचे साहेब आले. सुधींद्राने मला नेलं आणि (का कोण जाणे) जयतीर्थरावांनाही बोलावलं. दारातच चपला काढायला लावल्या, कशालाही शिवू नका म्हणाले, शिंकसुद्धा बाहेर जाऊन द्या म्हणाले. इतकी वर्षं माझ्या सोवळ्याला हसणारी ही मंडळी! मला ती खोली फार आवडली.

साहेबांनी कळ दाबली. एक हिरवा दिवा लागला. टाळ्या झाल्या. पुढे काही नाही. सुधींद्राचे वरिष्ठ कल्लाप्पा म्हणाले, “स्वल्प थांबावं सार, जागं होतंय.” आम्ही थांबलो. कॉफी आली, पिऊन झाली, पेले परत गेले. हिरवा दिवा तसाच. साहेबांनी विचारलं, “बिघडलंय का?” कल्लाप्पा म्हणाले, “नाही सार, कुठेच काही बिघडलेलं नाही,” आणि तीच तर पंचाईत होती. मेंदूने ढोलाला हाक मारली होती आणि तो ‘ओ’ची वाट पाहत होता. ढोल वेगाने फिरू लागल्याशिवाय ‘ओ’ देऊ शकत नव्हता. त्याला फिरवणारी वीज पेटीकडे होती, आणि पेटी आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. सगळे जागच्या जागी, सगळे आदबशीर. (सुधींद्र इथे स्वतःच्या मनाने लिहितो आहे की ढोल उत्तम प्रतीचा आहे. लिहू दे.)

मला तुमचंच लग्न आठवलं, भावजी. तुमचे सासरे रस्त्याच्या त्या टोकाला, आपली मंडळी या टोकाला, आणि आधी पाऊल कुणी टाकायचं यावर दोन्हीकडचा वाजंत्रीवाला थकून खाली बसला. तुम्ही छकड्यात झोपी गेला होतात, म्हणून तुम्हांला तो सोहळा ठाऊक नाही.

मग सुधींद्र पुढे झाला आणि सर्वांसमक्ष म्हणाला, “चूक यंत्राची नाही सार, माझी. क्रम मी चुकीचा लावला. उद्या दाखवतो.” जयतीर्थराव त्याच्याकडे बघत राहिले. घरी येताना मी काही विचारलं नाही. मी नुसती हसत होते, आणि ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन कलमं बदलली. पहिलं असं, की मान बाजूला, ज्याच्यावर बाकीचे चालतात त्याला आधी हाक. म्हणजे पेटी पहिली. दुसरं मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. हाक मारली, बेताचं थांबलं, ‘ओ’ आली नाही, तर त्याला बाजूला ठेवून पुढच्याकडे जायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर परत येऊन त्याला पुन्हा हाक मारायची. जागा झाला की त्याची जागा त्याला मिळते. साहेबांसमोर पुन्हा कळ दाबली, तर त्या दिवशी नेमका छापणारा रुसला, कुठली तरी तार निखळली होती. पण यंत्र त्याच्यापाशी अडलं नाही. आकडेमोड करून मोकळं झालं. मागाहून कुणी तार बसवली, तेव्हा छापणारा ओ देऊन उठला आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेलं सगळं खडखड छापू लागला. कुणाचा अपमान झाला नाही. साहेब हसले. जयतीर्थराव परतताना मला म्हणाले, “अक्का, यंत्र राहू दे, मुलगा चांगला आहे.”

असो. म्हातारीने यंत्राचं काय सांगावं. गुडघ्याला एरंडेल लावा, आणि नमस्कार-आशीर्वाद सर्वांना ज्याचे त्याचे वाटून द्या.

आपली वहिनी,
सत्यवती
(अंगठा माझा, अक्षर नातवाचं.)

ता. क. इथून अक्षर सुधींद्राच्या धाकट्या बहिणीचं, विमलाचं आहे. त्याला मी पोस्टाची तिकिटं आणायला धाडलं आहे. आता ऐका. रघुपतीला हाक मारून झाली आहे. ‘ओ’ येत नाही, म्हणून मागचे सगळे हात धुऊन बसून आहेत. त्याला स्वल्प बाजूला ठेवायची परवानगी द्या. जागा झाला की त्याचा थोरलेपणा त्याचाच, त्याच्या लग्नात मी स्वतः फुगडी घालीन. तुमच्या होकाराची बेताची वाट पाहीन. बेताची म्हणजे किती, ते सुधींद्राच्या यंत्राला विचारा.

आणखी एक. बेताची वाट मी मंगळवारीच पाहून टाकली. जयतीर्थरावांना होकार दिला, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला. ज्याच्यावर पुढचं सगळं चालायचं त्याला आधी हाक मारायची, म्हणून सगळ्यांत आधी शुभदालाच जवळ बसवून विचारलं. तिने लगेच ‘ओ’ दिली. आता तुम्हांला कळवते आहे. तुम्ही सावकाश या, पहिला पाट तुमचाच आहे, धुऊन ठेवला आहे. सुधींद्राला अजून काही माहीत नाही. तो तिकिटं घेऊन येतोच आहे, पाकीट आधी चिकटव ग विमला.