अमेरिकेने युरोपियन युनियनमध्ये जावं

१२ जानेवारी, नेपरव्हिल (शिकागोजवळ)
बाहेर बर्फ. निर्णय पक्का: अमेरिकेने युरोपियन युनियनचं सभासदत्व मागावं. एक बाजार, एक कायदा, वाट्टेल तिथे राहा. मला रिटायर्ड इंजिनिअरला हे दिसतं, वॉशिंग्टनला दिसत नाही. सुमेधा म्हणाली, आपली अहिल्या रॉटरडॅमला राहायला गेली नसती, तर तुम्हाला तरी दिसलं असतं का? बायकोला प्रत्येक गोष्टीत मुलगी दिसते. प्रश्न देशाचा आहे.

१५ जानेवारी
करारात म्हणे अर्जदार देश युरोपातला हवा. किरकोळ अडचण. दुरुस्ती सुचवू.

१८ जानेवारी
अहिल्याला फोनवर सगळं समजावलं. म्हटलं, मग तू इथे, आम्ही तिथे, कधीही! म्हणाली, "बाबा, आय हॅव अ‍ॅन अमेरिकन पासपोर्ट. आय कॅन कम एनी टाइम." मुद्दा तिच्या लक्षात आला नाही. शेतीच्या सबसिडीपर्यंत पोचलो तोच तिची मीटिंग सुरू झाली. रविवारी मीटिंग! काय शिस्त आहे युरोपात.

२२ जानेवारी
काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीने फार आदराने विचारलं, ही कामगारांची युनियन का? बराच वेळ समजावलं. नोंद घेतली म्हणाली. मोठं यश.

३१ जानेवारी
मराठी मंडळाच्या संक्रांतीला भाषण. अध्यक्ष रुपालीने वेळ दिली ती नेमकी जेवणाची रांग लागल्यावर. समोर मोजकी डोकी. डॉक्टर मिहीर म्हणाला, काका, मोरोक्कोने अर्ज केला होता, युरोपात नाही म्हणून परत पाठवला. मी म्हटलं, मोरोक्कोकडे नीट समजावणारा माणूस नसेल. जोरात टाळ्या. नंतर कळलं, गुळपोळी आली होती.

८ फेब्रुवारी
अहिल्या फोन उचलत नाही. भाषणाचं रेकॉर्डिंग पाठवलंय, तेच ऐकत असेल. ठरवलं: तिच्याशी बोलताना आता युनियन काढायची नाही. फक्त तब्येत विचारायची.
संध्याकाळी: व्हॉइसमेलवर तब्येत विचारली. वेळ उरला म्हणून युरो चलनाबद्दल थोडं.

२३ फेब्रुवारी
रुपालीचा फोन. वाटलं, पुन्हा भाषणाला बोलावतेय. म्हणाली, "काका, अहिल्या काय छान दिसत होती! गुरुवारी शिकागोत कॉन्फरन्सला भेटली. शनिवारी परत जाणार म्हणाली."
मी म्हटलं, हो हो, घाईतच होती यावेळी.
फोन ठेवून किचनमध्ये गेलो. सुमेधाला सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली. म्हणाली, "माहितेय मला. मी ट्रेनने जाऊन भेटून आले."
घरी का नाही आली, विचारलं.
"परत तेच ऐकावं लागेल म्हणाली."
मी म्हटलं, अगं, मग सांगायचंस ना, बाबांनी तो विषय सोडलाय म्हणून.
सुमेधा म्हणाली, "तेच सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही."