मल्लय्याच्या सागाच्या चार ओळी

१२ जून
मल्लय्याच्या शेताची हद्द मोजली. सागाच्या अनुदानासाठी आमच्या संस्थेचा, म्हणजे माझा नकाशा लागतो. नियम असा की शेजाऱ्याला बोलवायचं, हद्दीचे दगड शोधायचे. शेजारी त्याचाच थोरला भाऊ, नरसिम्हलू. मल्लय्या म्हणाला, "नक्को मॅडम, कायकू बुलाना उसको? बांध दिसता ना." ऊन फार. जीपीएस घेऊन बांधावरून चालले. "शेजारी हजर" या रकान्यात तरीही खूण केली.

२८ जुलै
रोपं लागली. फोटो घेतले. नरसिम्हलू लांब उभा होता. जवळ आला नाही. बरं वाटलं.

९ ऑगस्ट
अंबरपेठला घरून निघताना फोन आला. नरसिम्हलूने कोयत्याने रोपं छाटली. मल्लय्या माझा नकाशा वर धरून आडवा गेला. कोयता नकाशातून हातावर. दोन बोटं गेली. मग मल्लय्याच्या मुलाने काकाला फावड्याच्या दांड्याने बडवलं. जबडा मोडला. पोलिसांनी नरसिम्हलूला तशाच अवस्थेत उचललं.

१० ऑगस्ट
दवाखाना. मल्लय्याचा हात उशीएवढा सुजलेला. "नक्शा सच्चा है ना, अम्मा?"
हो म्हणाले.

११ ऑगस्ट
महसूल खात्याचा जुना नकाशा माझ्या नकाशावर ठेवून पाहिला. वर्षानुवर्षं नांगरता नांगरता बांध भावाच्या रानात आठ मीटर सरकलाय. चार ओळी त्याच्या जमिनीत.
त्याने चारच तोडल्या. पाचवीला ओरखडा नाही.

१२ ऑगस्ट
संस्थेच्या सरांना दाखवलं. "सही तुझी, खूण तुझी. फाइल पास झालीय. गप्प बस." पोलिसांना माझा नकाशा पुरावा म्हणून हवाय. तो दिला तर नरसिम्हलू आत सडेल. महसूलचा खरा दिला तर मल्लय्याचं अनुदान जाईल, आणि बोटं...

जाऊ दे.

१४ ऑगस्ट
काल कुणीतरी नरसिम्हलूची कडब्याची गंजी पेटवली. बैल होरपळला, मारावा लागला.
दोन्ही घरी फोन केला: पुन्हा मोजते, दगडांपासून, दोघांसमोर. नरसिम्हलूची बायको म्हणाली, "आत्ता आठवण झाली का बाई?" मल्लय्याचा मुलगा: "लाईन में आए तो पाँव काट देता मैं."
सरांना कळवलं नाही. आईला सिकंदराबादला मीटिंग आहे असं सांगितलं. जाड बूट घातलेत. गावाकडची आठची बस.