यांच्या तोंडचा पहिला शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार
यांना झटका येऊन आज अकरा आठवडे. बी.पी. ठीक. उजवा हात तसाच, गार. सकाळी तेल लावून चोळत होते, हे छताकडे बघत पडलेले. तेवढ्यात बबी खिडकीतून आत आली आणि पायाशी बसली. आणि हे म्हणाले, "बबी."
स्पष्ट. दोनदा.
अकरा आठवडे नुसतं आं आं. आणि पहिला शब्द आला तो मांजराचं नाव. रडले, लेकीला पनवेलला फोन केला, शेजारच्या सुलभाताईंच्या हातावर साखर ठेवली. मग भांडी घासताना पातेली उगाच आपटत होते.

५ नोव्हेंबर, बुधवार
व्यायाम घ्यायला येणारी प्राजक्ता म्हणाली, "काकू, ब आणि म ओठांवरचे, ते आधी येतात. सुनंदा म्हणणं अवघड आहे. मनाला लावून घेऊ नका."
मी कुठे काय बोलले होते? तोंडावर दिसत असणार.
तिला काय सांगू, या माणसाने तेहेतीस वर्षांत मला नावाने हाक मारलेली नाही. अगं. ऐकलंस का. कुठे गेलीस. महाड डेपोत ड्रायव्हर होते, प्रत्येक गाडीचा नंबर अजून पाठ असेल.

९ नोव्हेंबर, रविवार
लिहून ठेवते, कारण सगळे विसरलेत. बबी माझी आहे.
दोन वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या मागे सापडली, मुठीएवढी. मी पदरात घालून आणली तेव्हा हेच म्हणाले होते, "घरात केस नकोत. सोडून ये." सगळं मी शिकवलं. ओट्यावर चढली की उचलून खाली, चढली की उचलून खाली, पंधरा दिवस, एकदाही हात न उगारता. वाळूचं घमेलं. सुकटीचा डबा खुळखुळला की यायचं. "बस" म्हटलं की बसायचं, मग एक सुकट. माझी अंगणवाडीतली पोरं इतक्या लवकर शिकत नाहीत. स्वभाव मानी. रागावली की पाठ करून बसते, तासभर वळून बघत नाही.
आज डबा खुळखुळवला. आली नाही. यांच्या उजव्या हातावर हनुवटी टेकून पडली होती. एक डोळा उघडला, मिटला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
प्राजक्ताचा नवा व्यायाम. यांनी उजव्या हाताच्या चिमटीत सुकट धरायची आणि बबीला भरवायची. तीन वेळा पडली. चौथ्या वेळी अंगठा हलला. हलला! बबी शहाण्यासारखी बसून होती, मी शिकवलेलं ते ‘बस’.
मी रोज दोन वेळा तो हात चोळते. माझ्यासाठी एक बोट नाही हललं.
प्राजक्ताने व्हिडिओ काढला. मी कोपऱ्यात टाळ्या वाजवतेय. ते तोंड बघवत नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
पेज भरवत होते, हे ओठ मिटून बसले. बबीने वाटीत नाक घातलं तर हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला गेलंय, तरी तेच हसू, लग्नातल्या फोटोतलं.
दुपारी बबीला दूध दिलं नाही. ती पायात घोटाळली, पायाने बाजूला सारली. छप्पन्न वर्षांची बाई मी. कुणाला सांगणार?

२२ नोव्हेंबर, शनिवार
केलं.
सुलभाताईंना यांच्याजवळ बसवलं, बाजारात जाऊन येते म्हटलं. बबीला चेनच्या पिशवीत घातलं आणि एस.टी.ने वरंधला, माहेरी. वाटेत एकदा ओरडली. मग गप्प. पिशवीवर हात ठेवला तर आतून हाताला डोकं घासलं. तरी उतरले नाही.
वहिनी खूश. "बरा झाला वन्सं, उंदीर लय झालेत."
घरी येऊन यांना सांगितलं, "गेली असेल कुठे तरी. मांजरं जातात."

२४ नोव्हेंबर, सोमवार
दिवसभर दाराकडे डोळे. "बबी?" असं, प्रश्नासारखं. पाच वाजता मी उठायला लागले तर डाव्या हाताने माझा पदर धरून ठेवला. बसून राहिले. चहा राहिला, देवापुढचा दिवा राहिला.
खरं लिहिते. फार बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार
व्यायाम नाही. सुकट हातात दिली, टाकली. प्राजक्ता म्हणाली, "काकू, मूठ परत आखडायला लागलीय. मांजर शोधायला नको का?"
शोधतेय म्हटलं. तिसरं खोटं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मी कपडे वाळत घालत होते. मागे चार पायांच्या काठीचा आवाज. बघते तर हे एकटे, मागच्या दारापर्यंत आलेले. नऊ पावलं. कालपर्यंत दोन माणसं लागायची. उंबऱ्याशी उभे, घामाघूम, परसात बघत: "बबी. बबी."
ओल्या चादरीमागे मी उभी. माझ्याकडे लक्षच नाही. मी हरवले असते तर नऊ पावलं टाकली असती का, हेच डोक्यात. यांना धरायला धावायचं सोडून हेच. मग धावले.
वहिनीला फोन केला. ती आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "वन्सं, रागावू नको. ती दुसऱ्याच दिवशी पळाली. वरच्या पेंढ्याच्या उडवीवर बसते. कायपन खात नाय, जवळ येत नाय."

२९ नोव्हेंबर, शनिवार
सुलभाताईंना परत यांच्याजवळ बसवलं, सकाळच्या गाडीने वरंध. भात झोडून झालंय, पेंढ्याच्या उडव्या रचून ठेवल्यात. सगळ्यात उंच उडवीवर बबी. हाडं वर आलेली. डबा खुळखुळवला. "बबी, ये गं." माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि पाठ करून बसली.
तासभर. डबा, दूध, हाका. दादाने शिडी लावली तर ती रानाच्या बाजूला सरकली. वहिनी म्हणाली, "तिकडं उतरली का गेली. बिबट्या फिरतोय. दोन कुत्री नेलीत."
तेव्हा सुचलं. खरं तर आधीच सुचलं होतं, करायचं नव्हतं.
सुलभाताईंना फोन लावला. "यांच्या कानाला लावा."
मी म्हणाले, "अहो, मी वरंधला आहे. बबी इथे आहे. मीच आणली होती. तुम्ही हाक मारा, माझ्याने येत नाही."
 श्वास नुसता. मागे टीव्हीचा आवाज.  मग,
"बबी."
आवाज मोठा करून फोन वर धरला. तिचे कान फिरले. "बबी. बबी." उठली, आळस दिला, पेंढा उधळत खाली आली आणि माझ्या हातातल्या फोनला नाक लावलं. फोनला. मला नाही. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. मी रडत होते ते तिला कळलं नसावं.
घरी पिशवी उघडली. ती सरळ यांच्या हाताखाली. मी दारात उभी. हे तिच्या बरगड्या चाचपत होते, एकेक. वर बघितलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार
दोन दिवस माझ्या हातून पेज घेत नाहीत, सुलभाताई भरवतात. त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
आज औषध द्यायला वाकले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "का?"
गोळी हातातच राहिली. "पाणी आणते," म्हटलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिले.

३ डिसेंबर, बुधवार
प्राजक्तासमोरही. "का?" ती उडालीच. "काकू, नवीन शब्द! क तर अवघड असतो! कोणाला विचारलं, काय विचारलं?" म्हटलं, काय की. तिने वहीत लिहून घेतलं. बबी माझ्या मांडीवर येऊन बसली, काही झालंच नाही असं. तिला उतरवलं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
आता रोज. चहाला, गोळीला, तेल लावताना. का. ओरडत नाहीत. पूर्वी ओरडायचे.
उत्तरं मनात तयार केली. केस फार पडत होते. डॉक्टर म्हणाले होते. लेक म्हणाली होती. सगळी खोटी. खरं काय सांगू? तुम्ही तिला हाक मारलीत म्हणून?

७ डिसेंबर, रविवार
आज प्राजक्ता नाही. सुलभाताई पोलादपूरला गेल्यात. आंघोळ घातली, पेज घेतली माझ्या हातून, अर्धी. मग स्टूल ओढून पलंगाजवळ बसले. म्हटलं, "तुम्ही विचारता ना, ते सांगते."
यांनी रिमोट उचलला. मला वाटलं आवाज वाढवणार. टीव्ही बंद केला. बबीला पोटावरून बाजूला केलं, उशी सरळ केली आणि माझ्याकडे बघत राहिले.
इतकं लक्ष देऊन माझं ऐकायला हे आजवर कधी बसले नव्हते.  दूध बघून येते म्हणून काही न सांगताच उठले, त्याला दहा मिनिटं झाली असतील, इथे ओट्याशी उभी राहून लिहितेय. दूध कधीच उतरवून झालंय.
टीव्ही अजून बंदच आहे. थांबलेत.