जाकिटाच्या काठातलं बी

९ फेब्रु.
लंच कोल्डरूमबाहेरच्या पायरीवर, पाकूबरोबर. बियाण्यांच्या लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलाची. लाओसच्या डोंगरातली. तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हातारीच्या मागे सगळीकडे रबराची झाडं, मधे तिचा एक मोकळा तुकडा. पावसाच्या तोंडावर ती त्यात भांग पेरते. ओढायची नव्हे, धाग्याची. गावात आता ती एकटीच. बाकीचे रबराकडे वळले, उरलेल्यांची सरकारी माणसांनी उपटली. मेल्यावर अंगावर याच धाग्याचं कापड लागतं म्हणे. बाजारचं नायलॉन घालून गेलं तर वर पूर्वज ओळख देत नाहीत.

म्हातारीने विचारलं, तुमच्या थंड खोलीत बी किती टिकतं? मी फुशारकीत, "पंधरा-वीस वर्षं आरामात." पाकूने तिला तिच्या भाषेत सांगितलं. म्हातारी बराच वेळ मान हलवत होती.

१३ फेब्रु.
म्हातारीचं बी ठेवून घ्याल का, म्हणून बियाणं जपणाऱ्या दोन परदेशी बँकांना लिहिलं होतं, त्यातल्या एकीचं उत्तर आलं. लाओसच्या सरकारी पत्राशिवाय घेत नाहीत. दुसरीकडून उत्तरच नाही. पाकू म्हणते, "इट्स ओके, दीदी." काय ओके? मलाच राग.

सुधीर (नवरोबा) म्हणाले, "लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस. आणि इथे आखातात, घरात त्या झाडाचं नाव काढू नकोस." हा माणूस बाल्कनीतल्या अंबाडीलाही घाबरतो. गेल्या वर्षी वॉचमनने पानांचा फोटो काढला होता. पान दिसतं खरं भांगेसारखं. मी वॉचमनला त्याच पानांची भाजी-भाकरी खायला घातली, विषय खलास.

२ मार्च
पाकूचा मावसभाऊ गावाहून इथल्या हॉटेलात नोकरीला आलाय. तिच्या आईने भांगेच्या धाग्याचं विणलेलं जाकीट आणलं त्याने. ड्युटीवरून ती तशीच आमच्या कुसैसच्या फ्लॅटवर आली दाखवायला. घालून मिरवली. मी काठ चाचपला, सवयीने, आणि हात तिथेच थांबला. दुमडीत दाणे.

एका टोकाला उसवलं. मिऱ्याहून बारीक, करडे, वर नक्षी. सगळा काठ भरलेला. सुधीरनी आधी बाल्कनीचं दार लावलं. ऋचा आतून आली नि बघून म्हणाली, "आई, दॅट्स लिटरली जेल. फॉर ऑल ऑफ अस."

भावाला पत्ता नव्हता. पाकूने आईला फोन लावला. आई पलीकडून खुशीत हसत होती.  फोन ठेवल्यावर म्हणाली, "एव्हरीथिंग, दीदी. सगळं पाठवलं. तिला दिसत नाही आता, शेत नाही जमत. म्हणाली, दीदीकडे थंड खोली आहे."

मूठभरही मागे ठेवलं नाही. माझ्या त्या एका वाक्यावर.

३ मार्च
दोघींची सिक लीव्ह. पोलिसांत द्यावं, तर आधी भावाला उचलतील. परत पाठवावं, तर कुणाच्या गळ्यात बांधायचं? कोल्डरूममध्ये ठेवलं तर अख्खी लॅब आत. पाकू म्हणाली, वाळूत पुरू या. मी म्हटलं, उगवणार नाही. आणि उगवलं तर?

पाकूनेच उसवलं सगळं. एक दाणासुद्धा ठेवायचा नाही, हे मी सांगितलं. मी. मग कुकर. बी मारायचा खात्रीचा उपाय मला नाही तर कुणाला ठाऊक असणार, बी जगवण्याचाच पगार घेते ना. सुधीर दाराशी उभे, घाई करत, "यल्ला, यल्ला." घरभर उकडलेल्या शेंगांसारखा वास. मग फ्लश, पुन्हा पुन्हा. कुकर पलीकडच्या बिल्डिंगच्या कचऱ्यात. जाकीट दोनदा धुतलं.

पाकू रडली नाही. मी रडले. ती माझी पाठ थोपटत होती, उलटंच सगळं.

५ मार्च
भेंडीची उगवण चाचणी. झकास उगवलीय. बघवेना. ट्रे पाकूकडे सरकवला, मग लक्षात आलं आपण काय केलं ते.

१० एप्रिल
म्हातारी दर कॉलला विचारते, बी थंड खोलीत आहे ना? पाकू हो म्हणते. आज मला फोनवर बोलावून घेतलं. थोडं पेरून बघ, उगवलं की दाखव, असा निरोप. मी म्हटलं, "इन्शाल्ला." इथे राहून हे मात्र छान जमायला लागलंय.

१७ मे
पाकू जेवायला. बाल्कनीच्या दारात अंबाडी निवडत होतो, तेवढ्यात आईचा कॉल. पाकूने उचलला. मागच्या अंबाडीच्या कुंड्या दिसल्या तिला. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात फोनवरचं चित्र. म्हातारी एकदम मोठ्याने बोलायला लागली. पाकूने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं, सांगायला. मिटलं.

पाकू म्हणाली, "ती म्हणते पातळ पेरलंय. दाट पेरा, मग सरळ वाढतं." मग नुसतीच ऐकत राहिली. कॉल संपला तरी फोन तसाच समोर धरलेला.

"काय झालं गं?"

गावात शेजारीण वारली. तिच्याकडे ते भांगेच्या धाग्याचे कपडे नव्हते. म्हातारीने स्वतःसाठी विणून ठेवलेले काढून दिले. बी दीदीकडे आहे म्हणाली, माझं नवीन होईल.

भाजी तशीच राहिली.

१८ मे
पाकू जाकीट घेऊन आली. हेच परत पाठवायचं म्हणते, निदान तेवढं तरी तिच्या अंगावर. पण पाठवलं की ती विचारणार, का पाठवलंस? काय सांगणार आहोत? पाकूला माहीत नाही. मला कुठे माहीत आहे.

काठ अजून उसवलेलाच. शिवायला घेतला. सुधीरना म्हटलं, दोरा आणा. डबा पालथा घातला त्यांनी. घरात आहे तो सगळा नायलॉनचा.