पहिला नंबर घालवायचा आहे

१८ ऑगस्ट, सोमवार

यादी आली. पहिला नंबर आमचा.

दारू, धिंगाणा आणि अभ्यासाच्या नावानं बोंब, या तिन्ही विषयांत आमचं मार्लो स्टेट विद्यापीठ देशात सर्वांत पुढे आहे, असं कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या त्या वेबसाइटनं जाहीर केलं. गेल्या वर्षी आम्ही चौथे होतो. तेव्हा मी कोरीनला म्हणालो होतो, 'विद्यार्थी कल्याणाचा डीन मी आहे. वर्षभरात फरक दिसेल.' आज नाश्त्याला तिनं ते वाक्य मला ऐकवलं. बायकोनं सगळंच लक्षात ठेवायचं नसतं.

मिल स्ट्रीटवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या पार्ट्यांच्या रस्त्यावर, मुलं सकाळपासून हॉर्न वाजवत फिरताहेत. संस्थापकांच्या पुतळ्याला कुणीतरी बिअरच्या रिकाम्या खोक्याची टोपी घातली आहे. काढायला माणूस पाठवला. तो पुतळ्याबरोबर फोटो काढून परत आला. टोपी तिथेच.

कुलगुरू विंकलरबाईंचा फोन. 'डेल, घाई नको. जरा जपून.' हादरलेल्या वाटल्या. मध्येच हसल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला असणार.

संकल्प: पुढच्या ऑगस्टच्या आत हा नंबर घालवायचा. तोवर मी स्वतः थेंबाला शिवणार नाही. जेवताना वाइन घेतो ती यात धरलेली नाही. ते जेवण.

२८ ऑगस्ट, गुरुवार

लेनोरा ब्रिस्को नावाची मुलगी भेटायला आली. बायोकेमिस्ट्री, शेवटचं वर्ष. आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करते, घरात कॉलेजात आलेली ही पहिलीच. थोरल्या बहिणीला रक्ताचा जुना आजार आहे, म्हणून हिला त्याच आजारावर काम करायचं आहे. शहरातल्या बालरुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, डॉ. प्रुइट नावाच्या गृहस्थांकडे. अर्ज अजून केलेला नाही.

त्याआधी तिनं एका औषध कंपनीत मुलाखत दिली होती. तिथला माणूस म्हणाला, 'मार्लो स्टेट? वा! तुमच्या लॅबमध्येसुद्धा बिअरचं पिंप असतं का हो?'

'मी हसले, सर,' ती म्हणाली. 'हसावंच लागतं. मग पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. तीन वर्षं मी मिल स्ट्रीट टाळून दुसऱ्या रस्त्यानं जाते.'

तिची मागणी साधी होती. विद्यापीठाच्या वेबसाइटवर नाचणाऱ्या मुलांऐवजी कधीतरी लॅबमधली मुलं दाखवा. मी म्हटलं, एवढ्यावर काय भागणार! प्रुइटांना मी स्वतः फोन करतो. ती म्हणाली, 'नको सर, खरंच नको.'

किती विनयशील मुलगी! हिच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे.

१४ सप्टेंबर, रविवार

काल 'कोरडा शनिवार' पार पडला. कल्पना पूर्णपणे माझी. जिममध्ये थंड दूध, चॉकलेट चिप कुकीज, बैठे खेळ आणि डेअरी विभागाच्या प्राध्यापकांचं ॲकॉर्डियन. दूध त्यांच्याच गोठ्यातलं, कॅनच्या कॅन.

उपस्थिती निवडक. आमच्या ऑफिसातली मंडळी, प्राध्यापकांच्या पत्नी आणि पोहायचा तलाव शोधत आलेला एक मुलगा. तो बिचारा शेवटपर्यंत थांबला. दार आतून उघडत नव्हतं म्हणून, असं नंतर कळलं.

उरलेलं दूध ट्रिप हॉलंबेक घेऊन गेला. मिल स्ट्रीटवरच्या सर्वांत मोठ्या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे एकत्र राहणाऱ्या मुलांच्या क्लबचा, अध्यक्ष. 'डीन-ओ, वाया कशाला घालवायचं? आमची पोरं पितील.' मला भरून आलं. म्हटलं, संदेश पोचला.

आज सकाळी कळलं की त्यांनी त्यात कॉफीची लिकर आणि व्होडका घातली. पेयाचं नाव 'डीनचं दूध'. गावातल्या तीन बारमध्ये पाटी लागली आहे.

तरीही दूध पोटात गेलंच ना. सुरुवात म्हणून वाईट नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

जे घडलं ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण बाकी सगळे चुकीचं सांगताहेत.

शनिवारी होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची, फुटबॉल मॅच. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे शेगड्या पेटलेल्या, सॉसेज, मका, संगीत आणि लाल कप. मी पाहणीसाठी हिंडत होतो. एका पोराचं वय स्पष्टच एकविसाच्या खाली, म्हणजे दारू बेकायदा. मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. आत काय आहे ते कळल्याशिवाय कारवाई कशी करणार? म्हणून नाकाजवळ नेला. वासावरून नक्की होईना, म्हणून चव घेतली. पुन्हा घेतली ती खात्रीसाठी.

तेवढ्यात ट्रिप ओरडला, 'डीन-ओ! डीन-ओ!' मी वर पाहिलं. मिशांना फेस होता.

तेव्हा कुणीतरी काढलेला फोटो आज सगळीकडे आहे. दुपारपर्यंत टी-शर्टवर आला. खाली लिहिलंय, 'आमचे डीन.' छपाई चांगली आहे, हे मान्य करावं लागेल.

कोरीन म्हणाली, 'डेल, तू राजीनामा दे नाहीतर मिशा तरी काढ.' मिशा काढल्या. आता ऑफिसात येणारा प्रत्येक जण विचारतो, 'मिशा कुठे गेल्या?' म्हणजे फोटो पाहिलेलाच आहे.

लेनोरा लायब्ररीच्या पायऱ्यांवर दिसली. मी हात केला. तिनं तो टी-शर्ट घातलेल्या पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. तिला माझ्याबद्दल वाईट वाटत असणार.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

डॉ. प्रुइटांना फोन केला. सभ्य माणूस. बहुतेक ऐकूनच घेत होते. मी सांगितलं, 'लेनोरा ब्रिस्को आमच्या बाकीच्या मुलांसारखी नाही.' त्यांनी विचारलं, 'बाकीची मुलं कशी आहेत?' प्रामाणिक प्रश्न होता, मी प्रामाणिक उत्तर दिलं. पुतळा, दूध, मुलांनी एकदा वसतिगृहाच्या गच्चीवर चढवलेलं डुक्कर, सगळं सविस्तर. त्या पार्श्वभूमीवर ती किती उठून दिसते, हा माझा मुद्दा. शेवटी ते म्हणाले, 'तिचा अर्ज मी वाचलाय. चांगला आहे. त्यावरच निर्णय होईल.' म्हणजे थोडा जोर लावायला वाव आहे.

संध्याकाळी लेनोराला सांगितलं.  ती म्हणाली, 'सर, मी नको म्हटलं होतं.' कृतज्ञता व्यक्त करणं सगळ्यांना जमत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या वर्षाचा एक मुलगा मिल स्ट्रीटवरच्या घराच्या बाल्कनीतून पडला. पोटात किती गेलं होतं ते त्यालाही माहीत नाही. कमरेचं हाड मोडलंय, डोक्याला मार आहे. वाचला.

हॉस्पिटलात त्याचे आईवडील आले होते, गाडी चालवत, दुसऱ्या राज्यातून. वडील माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली. म्हणाली, 'त्याला आणखी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. चांगल्या ठिकाणी. गेल्या वर्षीची यादी वाचून त्यानं हे निवडलं. मीच म्हटलं, जाऊ दे, चार वर्षं मजा करू दे.' मग तिनं मला विचारलं, 'तुम्ही तिथं नक्की काय करता?'

मी पदाचं नाव सांगितलं.

आज वाइन घेतली नाही. झोपही आली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा उभारी धरली. मिल स्ट्रीटचा पूर्ण आराखडा तयार केला. बाल्कन्या बंद, फ्रॅटर्निटीला टाळं, मॅचच्या दिवशी पहारा. विंकलरबाई नाही म्हणूच शकणार नाहीत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

विंकलरबाई नाही म्हणाल्या.

त्यांनी मला बसवलं, कॉफी दिली आणि पडद्यावर एक आलेख दाखवला. प्रवेशअर्जांची रेघ ऑगस्टपासून सरळ वर चढलेली. 'बाहेरच्या राज्यांतली मुलं, डेल. ती पूर्ण फी भरतात. नव्या ग्रंथालयाचं छप्पर कशावर उभं राहणार आहे असं तुला वाटतं?'

मी म्हटलं, तो बाल्कनीतला मुलगा.  त्या म्हणाल्या, 'तो बरा होतोय. मी फुलं पाठवली.' मी म्हटलं, इथून खरोखर शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना लोक हसतात. त्या म्हणाल्या, 'प्रत्येकाला कशावरून तरी हसतातच. आणि खरं सांगू? तुझा तो फोटो फार चालला. पुढच्या वर्षी परिचयपत्रकात घ्यावा असं जाहिरात विभाग म्हणतोय. तुझी डीनपदाची मुदतही वाढवून देता येईल.'

मी विचार करून सांगतो म्हटलं. दारापाशी पोचेपर्यंत विचार झाला होता. मुदत घ्यायची. आत राहिलो तरच आतून काही बदलता येईल. फोटोबद्दल मी मौन पाळलं. माझ्या मौनाचा अर्थ त्यांना कळला असेल.

बाकी काही हातात राहिलेलं नाही. पण लेनोरा आहे. एक मुलगी तरी इथून मान वर करून बाहेर पडली, तर मी काय करतो हे मला कुणालाही सांगता येईल.

२२ जानेवारी, गुरुवार

प्रुइटांना दुसरा फोन. ते मीटिंगमध्ये. त्यांच्या सेक्रेटरीला म्हटलं, फक्त एवढं सांगा की ज्या फोटोतला माणूस त्यांनी पाहिला असेल तो मीच, आणि त्याचा लेनोराशी काही संबंध नाही. ती म्हणाली, 'कोणता फोटो?' म्हणजे पाहिलेला नव्हता. मी तिला तो कुठे सापडेल ते सांगितलं, म्हणजे गैरसमज नको.

ती जोरात हसली. वातावरण मोकळं झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी

तिकडून काहीच कळत नाही. लेनोरा मला टाळते. काल तिला जिन्यात गाठून विचारलं. म्हणाली, 'या महिन्यात कळेल, सर. प्लीज, शांतपणे कळू द्या.' चेहरा उतरलेला. डोळ्यांखाली काळं. मला पाहवेना.

जेवताना वाइन जरा जास्त झाली. पण डोकं एकदम साफ आहे. आता फोन करतो.

त्याच दिवशी, नंतर

केला. प्रुइटांच्या फोनच्या मशीनवर निरोप ठेवावा लागला. मी स्पष्ट सांगितलं की तिचं चार वर्षांचं शिस्तीचं रेकॉर्ड मी जातीनं तपासलंय. ती कारंज्यात कधी सापडली नाही. पुतळ्यावर कधी सापडली नाही. गच्चीवरच्या डुकराशी तिचा काहीही संबंध नाही. आणि तिनं कधी काही केलंच असेल, तरी आमच्याकडे त्याचा कसलाही पुरावा नाही. इथे मशीन बंद पडलं. पुन्हा लावून शेवट केला: ज्या विद्यापीठाचा डीन एका मुलीसाठी एवढी धडपड करतो, ते विद्यापीठ इतकं वाईट असू शकेल का?  

इतकं मनापासून मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

१९ मार्च, गुरुवार

लेनोराला नकार आला.

विभागप्रमुखांकडून कळलं. ती दोन दिवस वर्गात नाही. मी ऑफिसचं दार लावून बसलो. इतका राग मला कधीच आला नव्हता. एक घाणेरडी यादी, कुणीतरी बसल्या बसल्या केलेली, आणि तिच्यापायी एवढ्या हुशार मुलीच्या तोंडावर दार आपटलं जातं! त्या वेबसाइटला खरमरीत पत्र लिहिलं. लगेच यंत्राचं उत्तर आलं: 'मार्लो स्टेटबद्दलचा आपला अनुभव आमच्याशी वाटून घेतल्याबद्दल आभार. आपण त्याला पाचपैकी किती तारे द्याल?'

कोरीनला वाचून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, 'डेल, तू त्या मुलीसाठी किती वेळा फोन केलास?' मी म्हटलं, जितक्या वेळा लागले तितक्या वेळा. ती उठून आत गेली.

९ मे, शनिवार

पदवीदान. ऊन कडक, झग्याखाली शर्ट ओलाचिंब. माझं नाव पुकारल्यावर सगळं मैदान उभं राहिलं. 'डीन-ओ! डीन-ओ!' विंकलरबाई टाळ्या वाजवत होत्या. ट्रिप हॉलंबेक पदवी घेताना गुडघ्यावर बसला आणि माझ्या हाताचं चुंबन घेतलं. त्याला वडिलांच्या कंपनीत नोकरी लागली आहे. यादीबद्दल त्याला तिथे कुणीच विचारलं नाही.

लेनोरा आली, पदवी घेतली, उतरली.

समारंभानंतर तिला झाडाखाली गाठलं. आई सोबत होती, फुलं धरून. मी तिच्या आईला म्हटलं, तुमच्या मुलीवर या यादीमुळे मोठा अन्याय झाला. लेनोरा आईला म्हणाली, 'मॉम, तू गाडीपाशी हो. मी आलेच.'

मग ती माझ्याकडे वळली. आवाज अजिबात चढला नाही.

'सर, यादीमुळे नाही. डॉ. प्रुइट स्वतः माझ्याशी बोलले. माझी निवड जानेवारीतच झाली होती, फक्त समितीची सही राहिली होती. मार्लोचं नाव त्यांनी मनावरही घेतलं नव्हतं. मग समितीनं तुमचा निरोप ऐकला. कुणीतरी म्हणालं, डीन एवढं का समजावतोय, काहीतरी असणार.'

मला वाटतं, मी तेव्हा काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. बहुधा 'माझा हेतू' असं काहीतरी.

'माहीत आहे, सर,' ती म्हणाली. 'दुसरीकडे अर्ज केलाय. बरी जागा आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. या वेळी कुणाला फोन करू नका.'

मी शब्द दिला. अगदी मनापासून दिला. मग विचारलं, जागा कुठे आहे?

तिनं सांगितलं नाही.