साईशच्या आवाजाची दृष्ट

भाई,

काल माझ्या साईशला सगळ्यांदेखत घुमटाच्या तालावरच्या आरतीतून काढलंस. गणपतीची चवथ आठ दिवसांवर आली आणि आरती म्हणताना पोराचा आवाज फाटला, एवढाच त्याचा गुन्हा. "दिश्ट लागली ताका," म्हणालास आणि माझ्याच चुलीवर मिरच्या जाळल्यास. खोकून खोकून आमचे सगळ्यांचे घसे बसले!

अरे, तेरा वर्षांचा आहे तो. अंगात पुरुषाचं हार्मोन वाढायला लागलंय. त्यानं कंठ मोठा होतो, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात, म्हणून आवाज मध्येच चिरकतो. घुमटाच्या मडक्याला नवं चामडं चढवलंस की सुकेपर्यंत कुणाला हात लावू देत नाहीस. मग पोराच्या गळ्याला काही महिने द्यायला काय झालं? अंगणवाडीत मी हेच आयांना शिकवते, पण माझ्या घरात माझं ऐकतो कोण? साईशनं बोलणंच टाकलंय. उंडो पाव हवा असला तरी नुसतं बोट दाखवतो.

तेराव्या वर्षी तुझाही आवाज असाच फाटला होता. कौतुक करणाऱ्या शेजारच्या रुक्मिणीकाकूची दृष्ट लागली म्हणून तू गाणं सोडलंस आणि घुमट धरलंस. पस्तीस वर्षं झाली, तिच्याशी अजून बोलत नाहीस.

भाई, तिनं काहीच केलं नव्हतं. तुझा आवाज गेलाच नव्हता रे. तू परत कधी गाऊन बघितलंच नाहीस.

हे पत्र तुला द्यायचा धीर नसलेली,
देवकी